हातातून रक्त काढलं आणि 'स्टेम सेल' म्हणून गुडघ्यात टोचलं

आमच्याकडे कापूस वेचून वेचून बायांचे गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागतात, हे शिबिरं भरवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून शिबिर लागतं ते कापूस विकून घरात पैसा आल्यावर. आर्णी तालुक्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात, मंगल कार्यालयात असंच लागलं. तपासणी फुकट, एक्सरे फुकट. सासूबाई बाहेर आल्या त्या रडतच. "गादी पुरी घासली म्हणते. ऑपरेशन केलं तं खाटीवरच पडून राहशीन म्हणते." एवढी भीती घातली की पुढचं सोपं. 'स्टेम सेल', म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी टोचायच्या, दोन्ही गुडघ्यांचे ९० हजार, आजच भरले तर दहा हजार कमी.

उपचार काय, तर हातातून रक्त काढलं, नळी यंत्रात गरगर फिरवली आणि वर आलेलं पिवळसर पाणी गुडघ्यात टोचलं. याला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणतात. त्यात भरपूर असतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, स्टेम सेल नव्हेत. गुडघ्यासाठी स्वतःच्या स्टेम सेल घ्यायच्या तर कमरेच्या हाडातला मगज नाहीतर पोटाची चरबी काढावी लागते. पीआरपी काही थोतांड नाही, हाडांचे चांगले डॉक्टरही देतात. पण त्याचा खर्च या रकमेच्या पासंगालाही लागत नाही.

सोबतच्या गोळ्यांनी आराम पडला. गावातल्या मेडिकलवाल्यानं गोळ्यांचा पत्ता उलटून पाहिला. एटोरिकॉक्सिब. "काकू, ह्या तं दुखण्याच्या गोळ्या हायेत. तुमाले बीपी आहे, रोज काहून खाता?" गोळ्या थांबल्या, दुखणं परत हजर.

खरी हातचलाखी पुढे. 'फरक दाखवतो' म्हणून बोलावलं, नवा एक्सरे काढला. हाडांमधली फट खरंच वाढलेली! "पाहा माउली, गादी आली." सेवाग्रामच्या दवाखान्यात दोन्ही फिल्म शेजारी धरल्या तेव्हा उलगडा झाला. पहिला एक्सरे उभ्यानं काढलेला, दुसरा टेबलावर निजवून. उभं राहिलं की अंगाचा भार पडून फट मिटते, निजलं की मोकळी होते. अशी गादी तर कोणाचीही 'येईल'.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडून बाकी स्टेम सेल उपचार हे संशोधनच, आणि संशोधनात घेतलेल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पुढे २०२२मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी एका इंजेक्शनला औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली खरी, पण ते दात्याच्या अस्थिमज्जेपासून कंपनीत तयार होतं. मंगल कार्यालयात आपल्याच रक्तातून निघत नाही.

आम्हाला पावती म्हणून मिळाली ती 'कॅम्प सहयोग' लिहिलेली कच्ची चिठ्ठी. दिरानं पैसे फोनवरून भरले होते, म्हणून निदान खात्यावर नोंद तरी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. गावातल्या ज्यांनी रोख मोजले, त्यांच्याजवळ एक्सरेच तेवढे उरलेत. ते फेकू नका, कोपऱ्यात तारीख छापलेली असते.