पीसीतला वर्म काढायचा: टूलने की फॉरमॅट मारून?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या काकांच्या दुकानात विंडोज एक्सपीवर चालणारे तीन जुने पीसी, आणि तिन्हींत कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे एका पीसीतून दुसऱ्यात आपोआप पसरणारा व्हायरस. लक्षण ठरलेलं: बाकी सगळ्या साइट उघडतात, अँटिव्हायरसच्या तेवढ्या नाहीत.

टूलने, म्हणजे वर्म शोधून काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, साफ केलं तर हिशेबाचा डेटा जागच्या जागी राहतो आणि तासाभरात काम उरकतं. पण आधी लॅनची, म्हणजे पीसी एकमेकांना जोडणारी, वायर काढायची, टूल दुसऱ्या चांगल्या मशीनवरून आणायचं. तेही सीडीवर, पेनड्राइव्ह लावला की त्यावर वर्मची लपलेली, आपोआप चालू होणारी ऑटोरन फाइल बसलीच म्हणून समजा. शिवाय एक पीसी साफ केला आणि शेजारचा तसाच ठेवला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फॉरमॅटला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला, अर्धा दिवस जातो, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पण आत आणखी काय घुसलंय ही धाकधूक उरत नाही. मात्र पॅच, म्हणजे वर्म शिरतो ते भोक बुजवणारा अपडेट, न टाकता नेटवर्कला जोडलं, तर वर्म परत हजर. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला ऑक्टोबर २००८ मध्ये, कॉन्फिकर दिसला नोव्हेंबरात!

मी दोन पीसी टूलने साफ केले, बिलिंगचा मात्र फॉरमॅटच मारला. ॲडमिनचा पासवर्ड १२३४ होता, असले पासवर्ड हा वर्म स्वतःच ओळखतो. तोही बदलला. काका वैतागले, "अरे, आता हा लक्षात कसा ठेवू?"