लॅपटॉपची रॅम: एक पट्टी वाढवावी, की जोडीच बदलावी?

पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला, ८ जीबी रॅम (चालू कामे तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती) आणि तीही डीडीआर-४ या पिढीची असलेला लॅपटॉप ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या आणि एखादा व्हिडिओ कॉल एकाच वेळी चालवताना अडखळू लागला, की त्याच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. रिकाम्या खाचेत ८ जीबीची आणखी एक पट्टी घालता येते, किंवा जुनी पट्टी काढून एकाच बनावटीच्या दोन पट्ट्यांची जोडी बसवता येते. माझा कौल पहिल्या मार्गाला आहे. मात्र तो प्रत्येक यंत्राला लागू पडत नाही.

मुळात खाच आहे का, हे आधी तपासावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा भरलेल्या आहेत आणि रॅमचा वेग किती आहे, हे दिसते. मदरबोर्डावर (लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली रॅमही तेथे कधी कधी खाच म्हणून मोजली जात असल्याने त्या आकड्यावर विसंबून न राहता आपल्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहणे श्रेयस्कर. पातळ लॅपटॉपांत आढळणारी एलपीडीडीआर प्रकारची रॅम जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते. त्यासोबत वेगळी खाच नसेल, तर दोन्ही मार्ग तेथेच संपतात.

जोडीच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा ड्युअल चॅनेलचा. एका पट्टीवर प्रोसेसरला ६४ बिटांचा रस्ता मिळतो आणि दोन पट्ट्या असल्या की तो १२८ बिटांचा होतो, हे खरे आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर खेळ खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो, कारण तेथे ग्राफिक्सचे कामही याच रॅममधून चालते. परंतु हा लाभ खाचा दोन भरल्यामुळे मिळतो, पट्ट्या जुळ्या असल्यामुळे नव्हे. कंपन्या वेगळ्या असल्या तरी क्षमता सारखी असेल, तर ड्युअल चॅनेल सहसा विनातक्रार चालते. जुनी पट्टी २६६६ वेगाची आणि नवी ३२०० ची असेल, तर दोन्ही २६६६ वर चालतील, एवढेच. पत्रव्यवहार, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांत ही घट कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुकानदार जोडीचा आग्रह धरतात त्यामागे एक रास्त कारण आहे: जुळ्या पट्ट्यांत विसंगतीची शक्यता कमी असते. तरीही तेवढ्यासाठी चालू स्थितीतली पट्टी खणात टाकून देणे मला पटत नाही.

बदलणे भागच पडते ते वेगळ्या रचनेत. ४ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आणि ४ जीबी एकुलत्या एका खाचेत, असे लॅपटॉप आपल्याकडे पुष्कळ विकले गेले. येथे खाचेतली पट्टी काढून ८ जीबीची घातली तर एकूण १२ होतात आणि १६ जीबीची घातली तर २०. असमान क्षमतेमुळे ड्युअल चॅनेल पूर्ण बिघडते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात इंटेलच्या यंत्रणेत पहिले ८ जीबी दुहेरी पद्धतीने आणि वरचा भाग एकेरी पद्धतीने वापरला जातो. घरगुती वापराला १२ जीबी पुरतात. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने किंवा एका यंत्रात दुसरी आभासी यंत्रे चालवणाऱ्याने मात्र २० कडे जावे. आणि बोर्डावर काही सोल्डर केलेले नसून खाचा दोन असतील, तर त्याने १६ जीबीच्या दोन पट्ट्यांची जोडी घ्यावी.

लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर रॅमचा विचार थांबवून आधी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क बसवावी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचा आधार घेते, आणि ती डिस्कच मंद असल्याने रॅमची उणीव आहे त्याहून मोठी भासते.

किमतीचा प्रश्न सध्या नाजूक आहे. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅम बरीच महागली, आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने क्रुशियल या नावाने होणारी किरकोळ विक्री थांबवण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अशा वेळी एकच पट्टी घेण्याचा मार्ग अधिकच शहाणपणाचा ठरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेली पट्टी घेण्यासही माझी हरकत नाही. फक्त बदलून देण्याची मुदत लेखी घ्यावी आणि त्या मुदतीत रॅममधले दोष शोधणारा मेमटेस्ट-८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहावा. पिढी मात्र चुकता कामा नये. डीडीआर-३ च्या पट्टीला २०४, डीडीआर-४ ला २६० आणि डीडीआर-५ ला २६२ पिना असतात, शिवाय कडेवरचा काप वेगवेगळ्या जागी असल्याने एकीची खाच दुसरीला चालत नाही. डीडीआर-३ च्या जुन्या यंत्रांत आणखी एक सापळा आहे: १.३५ व्होल्टवरच चालणाऱ्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची पट्टी चालत नाही, आणि दोघींचा काप मात्र एकाच जागी असतो.

बसवण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. चार्जर काढावा, मागचे झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी, पट्टी तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवावी आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. नंतर पडदा काळाच राहिला तर बहुधा पट्टी नीट बसलेली नसते. डीडीआर-५ च्या लॅपटॉपला मात्र पहिल्या वेळी काही मिनिटे तसाच सोडावा, कारण नव्या रॅमशी जुळवून घेण्यास तो वेळ घेतो. १६ जीबी घालूनही वापरण्याजोगी रॅम थोडी कमी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नये. तो वाटा ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो.