रंगीत आयशॅडोचा बॉक्स: पॅलेट कामाचं, बाकी खोगीरभरती

दर महिन्याला वर्गणीने येणारा मेकअपचा ₹६९९ चा बॉक्स, नाशिकला घरपोच, डिलिव्हरीचे वेगळे पैसे नाहीत. आत पाच वस्तू: नऊ रंगांचं आयशॅडो पॅलेट, ४.५ मिलीचं लिक्विड शिमर, रंगाच्या आधी पापणीवर लावायच्या प्रायमरची ५ मिलीची ट्यूब, एक ब्रश आणि डोळ्यांखाली लावायच्या जेल पॅचची एक जोडी. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. असे बॉक्स विकणारे बरेच जण तयार माल घेऊन वर आपलं कव्हर चढवतात, त्यामुळे हेच पॅलेट उद्या दुसऱ्या नावाने तुमच्या हातात पडू शकतं. नावापेक्षा पॅलेटच्या पाठीवर काय छापलंय ते वाचता येणं जास्त उपयोगाचं.

आधी पैशांचं बघू. बॉक्सवर ‘₹२,१०० हून अधिक किमतीची उत्पादनं’ असं झळकतं. हिशेब असा: पॅलेट ८९९, शिमर ५९९, ब्रश ३४९, पॅच १४९ आणि ४८० रुपयांच्या २० मिली प्रायमरमधले ५ मिली म्हणून १२०. बेरीज २,११६. खोटं काहीच नाही, पण ब्रशला ३४९ कुणी देणार नाही. मेन रोडला किंवा शालिमारच्या बाजूला याहून बरा ब्रश याच्या निम्म्या पैशांत मिळतो, तोही हातावर फिरवून बघून. छापील किंमत बाजूला ठेवा आणि पाचातल्या किती वस्तू दुकानात स्वतःहून उचलल्या असत्या, तेवढ्यांचीच बेरीज करा. इथे ती दोनावर थांबते: पॅलेट आणि शिमर.

पॅलेटमध्ये प्रत्येक रंग ०.९ ग्रॅम, एकूण ८.१ ग्रॅम. सुटी आयशॅडो साधारण दीड ग्रॅमची असते, तेव्हा इथे माप जरा हात आखडता घेऊनच भरलंय. पण राणी किंवा पोपटी रंगाचे ०.९ ग्रॅम संपवणारी व्यक्ती विरळाच, म्हणून त्याबद्दल कुरकुर नाही. रंग असे: बिस्किटी, हळदी, केशरी, राणी, जांभळा, शाईसारखा निळा, पोपटी, मोरपंखी ड्युओक्रोम (पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलणारा) आणि सोनेरी शिमर. पहिले सात मॅट, म्हणजे चमक नसलेले.

बोटाने मनगटावर ओढून पाहिलं तर नऊच्या नऊ झकास दिसतात. या चाचणीवर फार भरवसा ठेवू नका. बोटाची ऊब आणि तेल मिळालं की कुठलीही पावडर मऊ होऊन चिकटते. खरी परीक्षा पापणीवर, ब्रशने, आणि खोबणीच्या जागी, म्हणजे पापणीच्या वरच्या खोलगट भागात, रंग पसरवताना होते. तिथे मोरपंखी सोडून बाकी आठ रंगांचे सरळ तीन गट पडतात.

बिस्किटी, केशरी आणि सोनेरी डोळे झाकून लावावेत इतके सोपे. बिस्किटी आणि केशरीत मुख्यतः आयर्न ऑक्साइड आहे (घटकांच्या यादीत सीआय, म्हणजे रंगद्रव्याचा कलर इंडेक्स क्रमांक, ७७४९१ आणि ७७४९२), सोनेरीत अभ्रक. हे घटक त्वचेवर सहज बसतात, सहज मिसळतात. हळदी आणि पोपटीला थोडी मेहनत लागते. आपल्या पापण्यांचा रंग बहुतेकींच्या बाबतीत बाकी चेहऱ्यापेक्षा गडद असतो, त्यामुळे नुसत्या पापणीवर हळदीचा मोहरीसारखा मळका पिवळा होतो आणि पोपटी शेवाळी दिसतो. खाली पांढरा बेस हवाच.

राहिले जांभळा, निळा आणि राणी. बहुतेक तक्रारी याच तिघांच्या येतात. निळ्यात अल्ट्रामरीन आहे, सीआय ७७००७. मॅट असल्यामुळे घसरण देणारं अभ्रक त्यात कमी, आणि ही पूड त्वचेला धरून राहायला नाखूश. मग होतं काय, ब्रश गोल फिरवला की एके ठिकाणी रंगाचा ठिपका, शेजारी टक्कल. ते झाकायला आणखी रंग घ्यावा तर खालचा थरही उचलला जातो. जांभळ्याचं तेच, वर त्यात गुलाबी डाय. हे रंग फिरवायचेच नाहीत, दाबायचे. चपटा, दाट केसांचा ब्रश घ्या (बॉक्समधला नको), रंग उचलून जादाचा झटका, आणि पापणीवर शिक्का मारल्यासारखा टेकवत न्या. ब्रश फिरवायचा तो फक्त कडेला.

बेसची रीत नीट समजून घेतली तर या पॅलेटचे निम्मे दोष झाकले जातात. एका पापणीला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा कन्सीलर किंवा पांढऱ्या पेन्सिलचा पातळ थर पुरतो. बोटाने थोपटून पसरवा आणि अर्धा मिनिट थांबा. मग जिथे गडद रंग बसवायचा तो पापणीचा हलता भाग तसाच चिकट ठेवा. खोबणीच्या वरचा भाग, जिथे रंग विरत न्यायचा आहे, तिथे मात्र बिस्किटी रंगाचा हात फिरवून कोरडा करा. पूर्ण पापणी कोरडी केली तर निळा धरत नाही. पूर्ण चिकट ठेवली तर कडेचा रंग जिथे पडला तिथेच अडकतो आणि कितीही घासा, विरत नाही. थर जाड झाला तर दोन-तीन तासांत पापणीच्या घडीत रेघ पडते. तो दोष आयशॅडोचा नसतो, पण शिव्या तिलाच बसतात.

मोरपंखीचं गणित नेमकं उलटं. येवल्याची धूपछांव पैठणी हलवली की उभ्या धाग्याचा एक रंग आणि आडव्याचा दुसरा आळीपाळीने चमकतो, तसा हा रंग सरळ पाहिल्यास हिरवट आणि मान वळवली की निळसर-जांभळा दिसतो. अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा ठरावीक जाडीचा थर चढवून ही किमया होते. त्याची चमक काळ्या पार्श्वभूमीवर खुलते आणि पांढऱ्यावर विरून जाते. म्हणून याच्याखाली पांढरा बेस लावू नका. काळं किंवा तपकिरी काजळ पापणीवर ओढून बोटाने पसरवा आणि त्यावर मोरपंखी बोटानेच दाबा. पॅलेटमधला सगळ्यात देखणा रंग हाच, आणि पांढऱ्या बेसवर लावल्याने ‘फिका आहे’ म्हणून नाव खराब होतं तेही याचंच.

गडद रंग लावायचे असतील तर आधी डोळे, मग फाउंडेशन. निळ्याची पूड गालावर हमखास पडते. ती कोरड्या मोठ्या ब्रशने झटकायची, बोटाने पुसायची नाही. पुसली की निळा पट्टा उमटतो.

आता पाठीवरच्या यादीकडे. राणी आणि जांभळ्याच्या घटकांत सीआय ४५४१० आहे. हा झगमगीत गुलाबी डाय अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने) डोळ्यांभोवती वापरायला मंजूर केलेला नाही. तिकडचे ब्रँड अशा रंगांवर ‘आयशॅडो’ असं न लिहिता ‘प्रेस्ड पिगमेंट’ लिहितात, त्यामागचं कारण हे. या पॅलेटच्या मागेही बारीक अक्षरात तेच लिहिलंय, आणि पुढे मोठ्या अक्षरात आयशॅडो. ही चलाखी खटकली. वापरलं की लगेच काही होतं असं नाही, पण हा डाय त्वचेवर गुलाबी डाग सोडतो आणि तो दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो. डोळे नाजूक असतील किंवा लेन्स घालत असाल तर हे दोन रंग वॉटरलाइनपासून, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेपासून, लांबच ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहणं उत्तम. यादीत सीआय ७५४७० दिसला तर तो कार्माइन, म्हणजे कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल. या पॅलेटमध्ये तो नाही. कटाक्षाने शाकाहारी असलेल्यांनी पुढच्या महिन्यांच्या बॉक्समध्ये मात्र हा आकडा शोधावा.

त्याच बाजूला उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि ‘यूज बिफोर’ची तारीख असायला हवी. माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. या पॅलेटवर हे सगळं आहे. जेल पॅचच्या पाकिटावर तारखेचा शिक्का इतका फिकट की उन्हात धरूनही वर्ष लागत नाही. अशी वस्तू डोळ्यांखाली लावू नये, मग ती फुकट आलेली का असेना. उघड्या डबीच्या चित्रात १२एम असेल तर त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. त्यासाठी मागे बारीक पेनाने उघडल्याची तारीख लिहून ठेवलेली बरी.

लिक्विड शिमर चांगलं आहे, फक्त घाई चालत नाही. एक ठिपका पापणीच्या मधोमध, बोटाने कडा थोपटायच्या आणि नजर खाली ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. डोळा लगेच उघडला तर वरच्या घडीत शिक्का उठतो. नवरात्रात गरब्याला घाम गाळायचा असेल तर पावडर शिमरपेक्षा हेच भरवशाचं, वाळलं की हलत नाही. कालिदास कलामंदिरात नाचाचा कार्यक्रम असेल तर निळ्याऐवजी हे आणि केशरी वापरा. पिवळसर दिव्यांखाली निळा काळपट दिसतो आणि मागच्या रांगेतून डोळ्याला मार लागल्यासारखा वाटतो. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी घेणार असाल तर सगळ्याच पॅलेटला सुट्टी द्या, तिथला रंग पुरेसा असतो.

प्रायमर ठीक. सिलिकॉनचा आहे, खोबणी गुळगुळीत करतो, पण रंग धरून ठेवण्यात साध्या कन्सीलरच्या मागे पडतो. तेलकट पापण्या असतील तर वापरा. ब्रशबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. केस विरळ, धुतला की पिंजारतो आणि दांड्याची पत्र्याची कॅप सैल होते.

काढताना हात जड नको. कापसावर मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग ऑइल घेऊन बंद पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसता ठेवा, मग खाली ओढा. खोबरेल तेलानेही छान निघतं, मात्र नंतर फेसवॉश हवा, नाहीतर सकाळी डोळ्यांवर धुरकट पडदा येतो.

कुरिअरमध्ये रंग फुटणं या बॉक्सांच्या पाचवीला पुजलेलं. पॅलेटखाली नुसता कागदाचा भुसा असतो, फोमचा तुकडा नसतो. पाकीट फोडताना न थांबवता व्हिडिओ घ्या, वरचा पत्ता आणि सील दोन्ही दिसतील असा. त्याशिवाय बदली मागायला गेलात तर वादच होतो. एखादाच रंग फुटला असेल आणि परत पाठवायचा कंटाळा असेल तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. चुरा त्याच खाचेत गोळा करून चार-पाच थेंब टाका, लापशीएवढं सरबरीत झालं की टिश्यूत गुंडाळलेल्या नाण्याने दाबा आणि रात्रभर उघडं ठेवा. मॅट रंग असे जोडले जातात, थोडे कडक होतात इतकंच. ड्युओक्रोमची चमक मात्र जरा उतरते.

वापरता वापरता रंगावर चकचकीत साय धरून तो ब्रशला लागेनासा झाला, तर बोटाचं किंवा प्रायमरचं तेल वर बसलंय. सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवून उचला, वरचा थर निघून येतो. एप्रिल-मेमध्ये पार्सल आलं तर आणखी एक काळजी. पॅलेटला उन्हाने काही होत नाही, पण बॉक्समध्ये काजळ किंवा क्रीम असेल तर ते मऊ पडलेलं असतं. सावलीत दोन-तीन तास राहू द्या, मगच टोपण काढा.

हेच पैसे नाशिकच्या बाजारात खर्चले तर? बिस्किटी, केशरी आणि सोनेरी हे तीन रंग कुठल्याही देशी ब्रँडच्या छोट्या पॅलेटमध्ये मिळतात आणि सिटी सेंटर मॉलमध्ये टेस्टर लावून बघताही येतात. मोरपंखी ड्युओक्रोम मात्र सहज सापडत नाही. सुट्या दुकानांत नामांकित विदेशी पॅलेटच्या नकला दोन-तीनशेला लटकलेल्या असतात. त्यांच्या मागे ना बॅच क्रमांक, ना परवाना. त्यांच्यापेक्षा हा बॉक्स शंभर पटीने बरा. रंगीत आयशॅडो पहिल्यांदाच लावून बघणाऱ्यांनी एका महिन्याचा जरूर घ्यावा. रोज बिस्किटी आणि काजळावर भागणाऱ्यांना ६९९ जड जातील. वर्षाचं पॅकेज कुणीच घेऊ नये. महिना ५९९ पडतात म्हणून मोह होतो, पण पुढच्या अकरा बॉक्समध्ये काय येणार ते आधी कळत नाही, आणि मधेच बंद केल्यास परतावा नाही असं अटींत स्पष्ट लिहिलंय.

एक महिन्याचं घेतानाही पैसे भरायच्या पानावर ‘ऑटो-रिन्यू’ची खूण आधीच केलेली असते, ती काढा. राहून गेली तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यायला हवी, ती वाचल्याशिवाय पुसू नका. यूपीआयने भरले असतील तर ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट (पैसे आपोआप कापायची दिलेली परवानगी) तिथूनच रद्द करता येतो, कंपनीच्या ईमेलची वाट बघायची गरज नाही. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणं २०२३ च्या डार्क पॅटर्न्सच्या (ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवलंय, तेव्हा टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. मँडेट रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट पुढच्या महिन्याची कापायची तारीख उलटेपर्यंत जपून ठेवा.