स्वीट चार्ली, कॅमारोसा की विंटर डॉन?

सप्टेंबर तोंडावर आला की नर्सरीवाला विचारणारच, "स्ट्रॉबेरीची कुठली रोपं धरू?" एकरी २२ ते २४ हजार रोपं लागतात, त्यामुळे चूक महागात पडते. गोडी नंतर बघा. आधी माल कुठं जाणार ते ठरवा.

शेत महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याला असेल आणि गिऱ्हाईक दारात येऊन खाणार असेल, तर स्वीट चार्लीला तोड नाही. फ्लोरिडाची ही जात लवकर फळावर येते, आंबटपणा कमी असल्याने पर्यटक पहिल्या घासालाच खूश. फळ कुजवणाऱ्या करपा या बुरशीच्या रोगालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. पण फळ मऊ. एका वर्षी हौसेनं पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) भरून रात्रीच्या गाडीनं मुंबईला पाठवले; सकाळी फोन आला, "खालचा थर रस सोडतोय." तेव्हापासून चार्ली घाट उतरत नाही.

घाट उतरवायचा तर कॅमारोसा. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ही जात, फळ मोठं, टणक, आतपर्यंत लाल. त्यामुळे पल्प आणि जॅमवाल्यांनाही चालते. चार्लीचा गर आतून फिकट असतो, तिथं ती मागे पडते. कॅमारोसाचा मुख्य माल मात्र उशिरा येतो, तोवर सुरुवातीचा चढा दर निघून गेलेला असतो. शिवाय करप्याला ती हळवी आहे, रोपं निरोगी नसतील तर बुंध्यातून मर लागते. आणखी एक खोड: रंग लवकर चढतो, म्हणून मजूर घाईनं तोडतात आणि फळ आंबट लागतं. जात बदनाम होते, चूक तोडणीची असते.

विंटर डॉनही फ्लोरिडाचीच. लवकर येते आणि चार्लीपेक्षा प्रवास सोसते. चवीला मध्यम. सुरुवातीचा दर पकडून माल बाहेर पाठवायचा असेल तर हीच. नाबिला या आणखी एका जातीची सध्या हवा आहे. पहिल्या वर्षी दोन-चार गादीवाफ्यांवरच बघावी, असं माझं मत.

जात कुठलीही असो, रोपं घेताना मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं केली ती मूळ झाडं, कधी आणले होते ते विचारा. जुन्याच झाडांचे रनर (जमिनीवर पसरून मुळं धरणारे फुटवे) फिरवून दिलेले असतील, तर नाव कॅमारोसा आणि फळ बोराएवढं.

माझ्याकडे यंदा रस्त्याकडच्या दहा गुंठ्यांत चार्ली, उरलेल्या तीस गुंठ्यांत विंटर डॉन. कॅमारोसा नाही, कारण फेब्रुवारीनंतर आमच्या विहिरीला पाणी पुरत नाही.