दोनशे नगांची ऑर्डर आणि माझं पेपर कटिंग

फॅशनचा कोर्स मी केलेला नाही. जुने कपडे उसवून, पुन्हा जोडून शिकले. लालबागच्या घरातून खणाचे ड्रेस शिवून विकायचे. खणाचा पन्हा कमी, अख्खा घेर त्यात बसत नाही. म्हणून बगलेखाली सुती कळी जोडायची युक्ती काढली होती. गिऱ्हाइकांना नेमकी तीच आवडायची.

दादरच्या एका प्रदर्शनात एक गृहस्थ आले. माल दुबईला जातो म्हणाले. "ताई, डिग्री नाही म्हणूनच तुमच्या कामात वेगळेपणा आहे." असं कौतुक नवख्या माणसाला कुठे लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोनशे नगांची ऑर्डर; त्याआधी तीन साइझची सॅम्पलं, सोबत पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी साचे, कारण "आमचे मास्टर फिटिंग बघतील". वर तपासणीचं 'परत मिळणारं' डिपॉझिट, साडेआठ हजार, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर.

मग "साहेब दौऱ्यावर आहेत", "ऑर्डर टायपिंगला आहे", आणि शेवटी नंबर बंद. त्यांनी दिलेल्या अंधेरीच्या पत्त्यावर कुरिअरवाला बसलेला.

पुढे हिंदमाताच्या कापडबाजारात एका दुकानात तोच ड्रेस टांगलेला दिसला. आतून उलटा करून बघितला. कळीची शिलाई मी सवयीने मागच्या बाजूला दुमडते, इथेही तशीच. म्हणजे सॅम्पल उसवून नक्कल केलेली. दुकानदाराने मात्र व्यापाऱ्याचं बिल दाखवलं. त्या बिचाऱ्याला काय बोलणार?

खरा घाऊक गिऱ्हाईक सॅम्पलचे पैसे देतो, फार तर ऑर्डरमधून वजा करून मागतो. तयार माल तुमच्याकडूनच घ्यायचा असेल तर त्याला पेपर कटिंग कशाला हवं? सॅम्पल देताना चलन, म्हणजे माल दिल्याची चिठ्ठी करा, त्यावर सही घ्या. पैसे ऑनलाइन गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

कायद्याचं मला वकिलीणबाईंनी समजावलं. नोंदणी होऊ शकेल असं डिझाइन नोंदवलं नाही आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक पद्धतीने त्याचे पन्नासहून जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण, पुढे 5 वर्षं वाढवता येतं. पण अर्जाआधी फोटो इन्स्टावर टाकला की नोंदणीला लागणारा नवेपणा गेला. माझे फोटो तर प्रदर्शनाच्या आधीपासूनच तिथे होते. आता नव्या कटचा अर्ज आधी, फोटो नंतर.