जुन्या तसबिरींसाठी जेलान गम: काही महिने वापरल्यानंतर

उन्हाळ्याच्या तोंडाशी मागवलेली जेलान गमची (पाण्यात उकळून गार केलं की जेलसारखा थिजणारा डिंकासारखा पदार्थ) पावडर आता संपत आली. अमळनेरच्या घरात निघालेल्या शिळाछापाच्या तसबिरी आणि आजोबांची पेन्सिलची रेखाटनं, दोन्ही तिनेच साफ केली.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साधारण ०.४ ग्रॅम कॅल्शियम अ‍ॅसिटेट आणि २० ते ३० ग्रॅम पावडर घालून, ढवळत उकळी आणून परातीत ओतायचं. गार झालं की घट्ट, पारदर्शक थर तयार होतो. हा थर कागदावर ठेवला की तो कागदाला लागेल तेवढंच पाणी देतो आणि कागद जुना होताना त्यात तयार झालेले पिवळे, आम्लधर्मी पदार्थ स्वतःत ओढून घेतो. अर्ध्या-पाऊण तासात जेल चहासारखं तांबूस झालेलं दिसतं. ते पाहून फार बरं वाटतं. बोअरचं जड पाणी मात्र नकोच. त्यात लोह असलं तर कागद उलट लवकर खराब होतो.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या वाऱ्यात जेलची कड भराभर सुकते आणि कागदावर तपकिरी रेघ उमटण्याचा धोका असतो. म्हणून कूलर बंद ठेवून, वर प्लास्टिक अंथरून, सकाळी लवकर काम करावं. श्रावणात उलट अडचण: कागद वाळता वाळत नाही, बुरशीची भीती. तेव्हा टीपकागद वरचेवर बदलावे लागतात.

रेखाटनांवर जेल नेहमी मागच्या बाजूने लावलं. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, पण घासलं तर निघतं. शाई, शिक्का किंवा हाताने भरलेला रंग असेल तर कोपऱ्यात एक थेंब टाकून टीपकागदाने टिपून बघावं. रंग उतरला तर पाणी, जेल काहीच लावू नये.

कागद पांढराशुभ्र होत नाही, हस्तिदंती होतो. तपकिरी ठिपके बरेचसे राहतात. मला हे पटतं. ‘ब्लीच मारा, चकाचक होईल’ असं फ्रेमवाले सांगतात, पण क्लोरीनने कागदाचे तंतू कमजोर होतात आणि पिवळेपणा परत येतो. वर्तमानपत्राची कात्रणं थोडी उजळतात, तरी त्यातलं लिग्निन (लाकडातून आलेलं, कागद पिवळा पाडणारं द्रव्य) जात नसल्यामुळे उजेडात ठेवली की पुन्हा पिवळी पडतात.

एका सरस्वतीच्या चित्रावर वॉर्निश आहे आणि तिथे पिवळं पडलंय ते वॉर्निशच. त्यावर जेलचा उपयोग नाही. ते चित्र जतनकाराकडे देणार आहे. उरलेल्या रेखाटनांसाठी दुसरं पाकीट मागवलंय.