कँतियोंची आंबट फळांची बिअर: बरेच महिने घरी ठेवून, पिऊन झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक मोकळे. फळांची बाटली आणली की लवकर प्यायची, ग्यूझ (बिनफळाची, वेगवेगळ्या वर्षांची आंबट बिअर मिसळून केलेली) आणली की तळघरात आडवी टाकायची आणि विसरून जायचं. बहुतेक जण बरोब्बर उलटं करतात, चेरीवाली आणि जर्दाळूवाली बाटली खास प्रसंगासाठी म्हणून राखून ठेवतात आणि ग्यूझ त्याच शनिवारी संपवतात. पुढचं सगळं या एवढ्याच मुद्द्यावर आहे, वेळ असेल तर वाचा.

कँतियों ही ब्रसेल्समधली ब्रुअरी, मिदी स्टेशनवरून चालत जाता येतं इतकी जवळ, अँडरलेख्त भागात. बाहेरून बघितलं तर एखादं जुनं गोडाऊन वाटावं. १९०० साली पॉल कँतियों आणि त्यांची बायको मारी ट्रॉख यांनी सुरू केली, मग मुलांकडे आली, मग नातजावयाकडे म्हणजे जाँ-पिएर व्हान रुआ यांच्याकडे, आणि आता त्यांचा मुलगा जाँ व्हान रुआ बघतो. म्हणजे चौथी पिढी. एकेकाळी या शहरात अशा ढीगभर ब्रुअऱ्या होत्या, पण लोकांना गोड आणि स्वच्छ पारदर्शक बिअर आवडायला लागली आणि एकेक करत बंद पडल्या. यांनी १९७८ मध्ये ब्रुअरीचंच म्युझियम करून टाकलं, तिकीट काढा, फिरा, शेवटी ग्लास घ्या, आणि मला वाटतं त्यामुळेच टिकले. म्युझियम म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू असं काही नाही हां, तीच पट्ट्यांवर चालणारी जुनी यंत्रं, तीच पिंपं, त्यातच रोजचं काम चालतं आणि तुम्ही मधून फिरता. कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी आहेत आणि ती कोणी काढत नाही, कारण फळं आली की माश्या-चिलटं येतात, आणि तिथे औषध फवारलं तर ज्या जंतूंवर धंदा चालतो तेच मरतील. कोळी हे तिथले पर्मनंट कर्मचारी आहेत.

बिअर कशी बनते ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय चव डोक्यात बसत नाही. साधारण ६५ टक्के बार्लीचं माल्ट आणि ३५ टक्के कच्चा गहू, त्यात मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने केलेले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं), म्हणजे कडूपणा गेलेला असतो पण बिअर नासू न देण्याचा गुण राहतो. हे सगळं बराच वेळ उकळून माळ्यावर एका मोठ्या उथळ तांब्याच्या हौदात ओततात, साडेसात हजार लिटरच्या आसपास, आणि रात्रभर उघडं सोडतात. छपराला झरोके आहेत, त्यातून थंड हवा येते. यीस्ट कोणी टाकत नाही. हवेत, लाकडात, भिंतींवर जे काही आहे ते त्यात पडतं आणि सकाळी ते पिंपांत भरतात, पुढे काम आपोआप सुरू होतं. आधी साधं यीस्ट साखर खातं, मग लॅक्टिक ॲसिडवाले बॅक्टेरिया येतात आणि आंबटपणा आणतात, आणि सगळ्यात शेवटी ब्रेट म्हणजे ब्रेटानोमायसिस नावाचं हळूबाई यीस्ट, जे वर्षानुवर्षं उरलंसुरलं चघळत बसतं. तबेल्याचा, जुन्या चामड्याचा, ओल्या गवताचा जो वास लोक सांगतात तो याचा. या कच्च्या बिअरला लँबिक म्हणतात. एक, दोन आणि तीन वर्षं जुन्या लँबिकचं मिश्रण करून बाटलीत भरलं की ग्यूझ, फळं घातली की क्रीक वगैरे.

हे फक्त थंडीत करता येतं, साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, कारण रात्र गार नसेल तर भलतेच जंतू घुसतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री इतक्या उबदार होत्या की यांना ब्रूइंग थांबवावं लागलं होतं. हवामान बदलाचा एवढा सरळ फटका बसणारी दुसरी बिअर मला माहीत नाही.

आता माझा अनुभव. मी ब्रसेल्समध्ये भाड्याने राहतो आणि इथल्या जुन्या बिल्डिंगांना खाली तळघर असतं, प्रत्येक फ्लॅटला एक कोंदट खोली, काव म्हणतात, लोक तिथे सायकली आणि तुटकी कपाटं ठेवतात. आमच्या कावमध्ये उन्हाळ्यातसुद्धा गार असतं आणि अंधार तर असतोच, म्हणून एक रॅक लावला आणि जमेल तशा बाटल्या आणून ठेवायला लागलो. एकाच बॉटलिंगच्या दोन-तीन बाटल्या घ्यायच्या, एक लगेच उघडायची, बाकीच्या अंतराने. मागच्या लेबलवर तारीख असते त्यामुळे हिशोब सोपा जातो.

क्रीक, म्हणजे आंबट चेरीवाली. लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास फळ, बियांसकट, पिंपात लँबिकबरोबर काही महिने. पूर्वी ब्रसेल्सच्याच स्खारबेक भागातल्या चेरी वापरायचे, आता तिथे झाडंच फारशी उरली नाहीत त्यामुळे बहुतेक ब्रुअऱ्या बाहेरून आणतात. ताजी बाटली उघडली की रंग असा गडद लाल की टेबलक्लॉथवर सांडली तर गेलाच तो, फेस गुलाबी, वास थेट चेरीचा, आणि मग पहिला घोट घेतला की गाल आत ओढले जातात कारण नाकाने गोडाची तयारी केलेली असते आणि जिभेवर गोड काहीच येत नाही. साखर सगळी यीस्टने खाल्लेली असते. हा धक्का मला अजूनही आवडतो. तीच बॉटलिंग काही महिन्यांनी उघडली तर चेरी मागे सरकलेली, आणि बियांमधून आलेला बदामासारखा वास पुढे आलेला. तोही छान, वेगळी मजा. पण वर्ष उलटून गेल्यावर उघडलेली म्हणजे चांगली ग्यूझ कोणीतरी लाल रंगात बुडवून काढली असं वाटलं. वाईट अजिबात नाही, पण मग चेरीचे पैसे कशाला द्यायचे?

रोझे द गांब्रिनुस म्हणजे रासबेरीवाली. लेबलवर एका माणसाच्या मांडीवर बसलेली विवस्त्र बाई आहे त्यामुळे आई-बाबा आले की फ्रिजमध्ये लेबल मागे वळवून ठेवावी लागते. बाटली तरुण असताना वास इतका सुंदर की काही मिनिटं नुसती हुंगत बसावं. हिचा रंग मात्र लवकर उतरतो, गुलाबीवरून कांद्याच्या सालीवर जातो, आणि रंगाबरोबर फळही जातं. रासबेरी क्रीकपेक्षाही नाजूक आहे, हे लक्षात ठेवा.

फू-फून ही जर्दाळूवाली, सगळ्यांना हीच हवी असते, आणि सगळ्यात जास्त साठेबाजी हिचीच होते. जर्दाळूचा हंगाम उन्हाळ्यात, त्यानंतर ती येते, कधी असते कधी नसते, ब्रुअरीत बसून प्यायला मिळाली तर नशीब समजा आणि लगेच मागवा. ताजी असताना पिकल्या जर्दाळूची साल दातांनी सोलल्यावर जो वास येतो तोच येतो. माझ्याकडची एक बाटली एका मित्राने जपून ठेवायला लावली, याची किंमत वाढत जाते म्हणे. किंमत वाढते हो, इंटरनेटवर वेडे लोक वाट्टेल ते पैसे देतात, पण बाटलीतला जर्दाळू रोज थोडा थोडा मरत असतो. आम्ही ती उघडली तेव्हा लिंबू आणि ओलं लाकूड एवढंच उरलं होतं. मित्र म्हणाला कॉम्प्लेक्स आहे. असेल.

द्राक्षांच्याही आहेत, मर्लो जातीच्या द्राक्षांची सें लामविनुस आणि मस्का जातीच्या द्राक्षांची व्हीन्यरोन, त्या थोड्या जास्त तग धरतात असं मला वाटतं, पण माझा अनुभव कमी आहे म्हणून जास्त बोलत नाही.

आणि मग ग्यूझ. फळ नाही, रंग साधा, लेबल साधं, त्यामुळे नवीन माणूस हिच्याकडे बघतसुद्धा नाही. ताजी असताना धारदार असते, कच्च्या लिंबाची साल, हिरवं सफरचंद, थोडी उग्र. पण हिच्यात उडून जाण्यासारखं फळच नसतं ना, ब्रेट आत जिवंतच असतं आणि बाटलीत हळूहळू काम करत राहतं, त्यामुळे ही मुरते. आमच्या कावमधली ग्यूझ महिन्यांगणिक मऊ होत गेली, आंबटपणा तेवढाच पण टोचणं कमी, वाळलेल्या गवताचा वास, मागे बारीकसा मधासारखा काहीतरी. ब्रुअरीतले जुनेजाणते लोक तर दहा-वीस वर्षं ठेवलेली ग्यूझ पितात. माझ्यात तेवढा धीर नाही पण दिशा कळली. शिवाय ग्यूझ फळांच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणजे साठवायची तीच.

उघडण्याबद्दल. बाटलीला वर साधं पत्र्याचं झाकण आणि त्याखाली बूच, म्हणजे ओपनरही लागतो आणि कॉर्कस्क्रूही. आमच्याकडे आलेले पाहुणे झाकण काढतात आणि मग गोंधळून माझ्याकडे बघतात. आडवी ठेवलेली बाटली उभी न करता छोट्या टोपलीत तिरकी ठेवून ओतायची पद्धत आहे, तळाचा गाळ हलू नये म्हणून. मी सुरुवातीला हसलो होतो, आता टोपली विकत घेतली आहे. बर्फासारखी गार करू नका, वास सगळा दबतो.

खाण्याबरोबर: इथली पारंपरिक जोडी म्हणजे ब्रेडवर ताजं पांढरं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा. करून बघा, अप्रतिम लागतं. आपल्याकडचं म्हणाल तर तळणीबरोबर ग्यूझला तोड नाही, कोळंबी रवा फ्राय, कांदाभजी, आणि दिवाळीत चकलीबरोबर जी काही जमली ती विचारू नका, तेलकटपणा कापत जाते. तिखट रश्श्याबरोबर मात्र नको. मिसळीबरोबर एकदा हट्टाने घेतली, तिखट, आंबट आणि फसफस तिन्ही मिळून जीभ सोलून निघाली. आणि रिकाम्या पोटी कुठलीच लँबिक नको, ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी तर अर्ध्या ग्लासवर थांबा. अल्कोहोल साधारण ५ ते ६ टक्के, म्हणजे चढण्यासाठी ही पीत नाहीत.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना क्रीक दिली. एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, “यात मीठ टाकलंस की कोकमाचं आगळ झालं.” मग ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. आईने वास घेऊनच परत दिला.

कोणासाठी नाही तेही सांगतो. सुपरमार्केटमधली गोड फळांची बिअर आवडते म्हणून इकडे वळणार असाल तर फसाल. लिंडेमान्स ब्रुअरीची रासबेरीवाली फ्राँबुआज २.५ टक्के अल्कोहोलची, गोड, मुलीच्या वाढदिवसाला मोठ्यांना केकबरोबर द्यायला मस्त, मलाही आवडते, पण तो प्रकारच वेगळा. मधली पायरी हवी असेल तर बून ब्रुअरीची ऊडे क्रीक घेऊन बघा. लेबलवर ऊडे लिहिलेलं असेल तर पारंपरिक पद्धतीची, युरोपात त्या शब्दाला कायदेशीर संरक्षण आहे. आणि ब्रुअरीत गेलात तर आधी साधी लँबिक मागा, दगडी जगमधून देतात, फेस नाही, गॅस नाही, सपाट आंबट. तिच्यापासून सुरुवात केली की नंतरच्या प्रत्येक ग्लासात कशाची भर पडली ते कळतं.

विकत घेताना शक्यतो ब्रुअरीतूनच, किंवा ज्या दुकानात बाटल्या अंधारात असतात तिथून. एका दुकानातून, नाव राहू दे, काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली फळांची बाटली घेतली होती, उघडल्यावर ना गॅस ना फळ, ओल्या पुठ्ठ्याची चव. ब्रुअरीत माणशी किती मिळतील यावर मर्यादा असते, कुरकुर करू नका, नाहीतर सगळा माल रिसेलवाले उचलून नेतील.

भारतात न्यायची असेल तर माणशी २ लिटरपर्यंत दारू कस्टमला चालते, म्हणजे ७५ सीएलच्या (सेंटिलिटर, ७५० मिली) दोन आणि ३७.५ सीएलची एक बसते. बाटल्या जाड काचेच्या असतात, चेक-इनमध्ये मोज्यांत आणि जीन्समध्ये गुंडाळून नीट पोचतात. न्यायची ती ग्यूझच. मागच्या वेळी पुण्याला भावाला दोन दिल्या आणि नीट समजावून आलो, तर परवा व्हिडिओ कॉलवर दोन्ही फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी उभ्या दिसल्या, दार उघडेल तेव्हा हलतायत. त्याला आतल्या कप्प्यात आडव्या करायला लावल्या.